कुकरच्या शिट्टीबरोबर प्रथिनं उडून जात नाहीत

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे. मातीच्या भांड्यात शिजवलेल्या डाळीत १०० टक्के पोषण राहतं, काशाच्या भांड्यात ९७, पितळेच्या ९३ आणि कुकरमध्ये फक्त १३. दाबाने प्रथिनं मरतात, मेलेली प्रथिनं अंगी लागत नाहीत, म्हणून डाळ भिजवून अर्धकच्चीच खावी, असा त्याचा मजकूर. रामबागेतल्या माझ्या मावशीने तो वाचून कुकर माळ्यावर टाकला. तिच्या सासूबाईंचं वय ८२, दात नाहीत. गेले पंधरा दिवस त्या टचटचीत तुरीचं वरण गिळताहेत आणि रात्रभर पोट धरून बसताहेत. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे गप्प राहवत नाही.

आधी तो १३चा आकडा. अन्नातलं प्रथिन मोजायची रीत जुनी आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ती १८८३ मध्ये बसवली. पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. १०० ग्रॅम तूरडाळीत प्रथिन सुमारे २२ ग्रॅम, म्हणजे नायट्रोजन साडेतीन ग्रॅम. त्यातला ८७ टक्के खरोखरच नाहीसा झाला, तर तो जाणार कुठे? अमोनिया होऊन शिट्टीतून बाहेर पडला असं धरलं, तर तो वायू पाच लिटरच्या वर भरेल. स्वयंपाकघरात कुणाला उभं राहवणार नाही. तसा वास कुकर उघडताना कधी कुणाला आलेला नाही, कारण नायट्रोजन डाळीतच असतो.

आता ‘मरतात’ या शब्दाकडे येते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. प्रथिन हा जीव नाही. ती अमिनो आम्लं नावाच्या छोट्या रेणूंची साखळी आहे, विशिष्ट घडीत दुमडलेली. ही घडी धरून ठेवणारे बंध बहुतेक नाजूक असतात. उष्णता लागली की घडी उलगडते, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. अंड्याचा पांढरा बलक घट्ट होतो तो असाच. पण साखळीचे मणी जिथे ओवलेले असतात ते पेप्टाइड बंध फार चिवट. प्रयोगशाळेत साखळी पूर्ण तोडायची तर ती तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर जवळजवळ २४ तास ठेवतात. कुकरमध्ये तापमान फार तर १२० अंश, वेळ वीस मिनिटं, आणि आम्ल नाहीच.

घडी आणि साखळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन यांनी फार सुंदर दाखवलं. रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या प्रथिनाची घडी त्यांनी रसायनांनी पूर्ण मोडली. रसायनं काढून घेतल्यावर साखळी आपली आपण पुन्हा दुमडली आणि कामाला लागली. १९७२च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा या कामासाठी होता. उकडलेलं अंडं मात्र परत पातळ होत नाही, कारण साखळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. साखळ्या तरीही शाबूत.

आणि डाळीच्या प्रथिनाची घडी आपल्याला हवी तरी कशाला? ते तुरीच्या रोपाने कोंबासाठी साठवलेलं आहे. आपण ते खातो अमिनो आम्लांसाठी. जठरातलं आम्ल घडी उलगडतं, पेप्सिन आणि पुढे आतड्यात ट्रिप्सिन ही पाचक विकरं साखळी कापतात. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. ते टोचून घ्यावं लागतं, कारण गिळलं तर डाळीसारखंच पचून जातं. माझ्या बाबांची सुई बघणाऱ्या घरात तरी हे पटायला हवं.

अर्धकच्च्या डाळीचा सल्ला तर उलटाच आहे. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात. नीट शिजवल्यावर त्यांची घडी मोडते आणि त्यांचा जोर संपतो. राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन अर्धवट शिजलं तर उलट्या आणि जुलाब होतात. मंद आचेवर कोमट ठेवलेला राजमा म्हणूनच धोक्याचा. कच्च्या आणि शिजवलेल्या अंड्याची तुलना झाली आहे: शिजवलेल्यातलं सुमारे ९० टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५०.

शिजवण्याने काहीच जात नाही असं मी म्हणत नाही. क जीवनसत्त्व, थायमिन, फोलेट थोडे कमी होतात, आणि शिजवलेलं पाणी ओतून दिलं तर आणखी. कोरडं खरपूस भाजताना लायसिन हे अमिनो आम्लही काहीसं वाया जातं. पण पाण्यात शिजलेल्या वरणाला ती भीती नाही. भांडं अ‍ॅल्युमिनियमचं घ्यावं की स्टीलचं, हा प्रश्न निराळा. त्याचा प्रथिनाशी संबंध नाही. मातीच्या मडक्यातल्या डाळीची चव आवडत असेल तर जरूर करा, फक्त ती बोटाने चिरडेपर्यंत शिजू द्या.

मावशी, कुकर खाली काढ. डाळ तासभर भिजव, हळद-हिंग घाल, चार-पाच शिट्ट्या होऊ दे, रवीने घोट आणि मऊ भातावर वाढ. भातात कमी असलेलं लायसिन डाळीतून येतं, डाळीत कमी असलेलं मेथिओनिन भातातून. सासूबाईंना आज रात्री तेच दे.