रोज्यांनी उधारी फिटत नाही

रमजानचे सगळे रोजे पूर्ण केले की मागची पापं माफ, लोकांची देणीसुद्धा. सोलापुरात विजापूर वेशीपासून नई जिंदगीपर्यंत हा मेसेज फोनवर फिरतोय. अर्धा बरोबर आहे. श्रद्धेनं आणि सवाबच्या, म्हणजे पुण्याच्या आशेनं रोजे ठेवणाऱ्याचे मागचे गुन्हे माफ होतात, असं सहीह बुखारी या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात आहे. देण्यांचं शेपूट मात्र कुणीतरी आपल्या सोयीनं जोडलंय.

सहीह मुस्लिम या दुसऱ्या संग्रहातली हदीस बघा. कयामतीला, म्हणजे निवाड्याच्या दिवशी, एक जण नमाज, रोजे, जकात (सक्तीचं दान) सगळं घेऊन येईल; पण कुणाला शिवी दिलेली, कुणावर आळ घेतलेला, कुणाचा पैसा खाल्लेला. त्याच्या नेक्या, म्हणजे पुण्यकर्मं, त्या लोकांत वाटल्या जातील, आणि त्या संपल्या की त्यांचे गुन्हे याच्या माथी. शहिदाचंही सगळं माफ होतं, कर्ज सोडून!

यंत्रमागावरच्या कामगाराची मजुरी थकवून इफ्तारीला फळं वाटणाऱ्यानं आधी मजुरी द्यावी. गुन्हा सोडणं, पस्तावणं, पुन्हा न करण्याचा निश्चय, या तौबेच्या, म्हणजे पापाची माफी मागण्याच्या अटी आहेतच. दुसऱ्याचा हक्क असेल तर तो परत करणं किंवा त्याच्याकडून माफ करून घेणं ही आणखी एक. तो वारला असेल तर पैसे वारसांना द्यायचे. खरोखर ऐपत नसेल तर मुदत मागावी; अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या, असं कुरआनच सांगतो.