एमएमसीला म्हणे हवा-पाण्याचा काही फरक पडत नाही!

नाशिकच्या अंबड-सातपूर या कारखान्यांच्या भागातल्या ग्रुपांवर तो मेसेज परत फिरतोय: मेटल मॅट्रिक्स कंपोझिट (एमएमसी) म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सिरॅमिक, सिरॅमिक गंजत नाही, म्हणून गाडीच्या अशा पार्टच्या फटिगला (लोड येत-जात राहून तडा जाण्याला) हवामानाचं टेन्शन नाही, लॅबमध्ये एक कोटी सायकल (लोड एकदा येऊन गेला की एक सायकल) पास झालंय, उष्णता सहन करतं, आणि नाशिकला तर समुद्रच नाही.

सिरॅमिक गंजत नाही हे खरं, पण भोवतीचं ॲल्युमिनियम गंजतं ना राव! सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकचा कण जिथे वर येतो तिथे ॲल्युमिनियमला जपणारा ऑक्साइडचा पापुद्रा सलग राहत नाही, क्लोराइडवालं (मिठासारख्या क्षारांचं) पाणी नेमकं तिथेच शिरतं, बारीक खड्डा पडतो, आणि लोड येत-जात राहिला की क्रॅक त्या खड्ड्यातूनच निघतो. त्यात कास्टिंगच्या वेळी सिलिकॉन कमी असलेला वितळलेला माल कार्बाइडबरोबर जास्त वेळ राहिला असेल तर कणाच्या कडेला ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं, ते ओलाव्यात फुटतं आणि मिथेन सोडतं, म्हणजे कणाची पकडच सुटली. सिरॅमिकऐवजी ग्राफाइट असेल तर विचारूच नका, गॅल्व्हॅनिक सेल तयारच, म्हणजे ओलाव्यात बॅटरीसारखी जोडी जमते आणि ॲल्युमिनियम गंजतं.

समुद्राचं म्हणाल तर मीठ लागतंच असं नाही, हवेतली वाफ पुरते. क्रॅकच्या टोकाला उघडं पडलेलं ताजं ॲल्युमिनियम वाफेशी रिॲक्शन करतं, हायड्रोजन सुटतो आणि आत शिरतो, त्यामुळे व्हॅक्यूमपेक्षा दमट हवेत क्रॅक भराभर पळतो. जुलै-ऑगस्टात नाशिकची हवा काय कोरडी असते का? आणि बोअरच्या पाण्यात कालवलेल्या कूलंटमधलं क्लोराइड वेगळंच.

आता ते एक कोटी सायकल. ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५० सायकलने टेस्ट लावली तर साधारण ५५ तासात संपते, म्हणजे गंजाला जेमतेम अडीच दिवस मिळाले, तेही एसी रूममध्ये! गाडीवर तोच पार्ट हळू हळू लोड खात कित्येक पावसाळे काढतो. कोरड्या हवेत, कमी स्ट्रेसला एमएमसी सिरॅमिक नसलेल्या साध्या ॲल्युमिनियम अलॉयपेक्षा बऱ्याचदा जास्त टिकतं, हे मान्य. टोयोटाने १९८३ पासून डिझेल पिस्टनला सिरॅमिक फायबरची जोड दिली ती उगाच नाही. पण मोठा स्ट्रेन देऊन, म्हणजे माल जास्त ताणून, कमी सायकलला तपासलं तर हेच मटेरियल अनेकदा मागे पडतं, ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

"उष्णता सहन करतं" हेही अर्धवट. ॲल्युमिनियम तापलं की सिलिकॉन कार्बाइडच्या साधारण पाचपट फुगतं, त्यामुळे बाहेरून लोड नसतानाही नुसत्या तापण्या-थंड होण्यानेच कणाच्या कडेला ताण येत राहतो. रिपोर्ट टाकणाऱ्याला एवढंच विचारा, टेस्ट कसल्या हवेत, किती हर्ट्झला आणि किती टेंपरेचरला केली.