आमच्याकडे बाई ताजंच लागतं!

आज एका ओळखीच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. तिळगूळ घेतला, वाण घेतलं, आणि कानावर पडलं, "हिची सून रविवारीच आठवड्याचं करून ठेवते म्हणे. शिळं! आमच्याकडे बाई ताजंच लागतं." सून तिथेच कॉफीचा ट्रे धरून उभी. काही बोलली नाही. घरी आल्यापासून माझं डोकं तडतडतंय.

ती मुलगी काय करते ते मी पाहिलंय. खंडेराव मार्केटमधून भाजी आली की कोथिंबिरीची मुळं कापून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात. मेथी निवडलेली. तुवेर, म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा, सोललेली, आणि तुवेर सोलायला किती वेळ जातो ते बडोद्यात मी कुणाला सांगायला नको. मटकी भिजवून फडक्यात बांधलेली. कांदा-खोबरं भाजून वाटण फ्रीझरमध्ये. फ्रीजच्या दारावर चिठ्ठी: सोमवारी उसळ, मंगळवारी वांगी-तुवेर, बुधवारी मेथी. भाजी रोज फोडणीला पडते, पोळ्या रोज तव्यावरून उतरतात. यात शिळं काय आहे?

2024 च्या ऑगस्टमध्ये आमच्या विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा समा भागातल्या आमच्या सोसायटीत खाली गाड्या बुडाल्या होत्या. लाईट नाही, दूध नाही, भाजीवाला नाही. अख्ख्या मजल्याचं पोट भरलं ते आमच्या घरच्या भाजून ठेवलेल्या रव्यावर, भाजणीवर आणि मेतकुटावर. आज ताज्याचं कौतुक सांगणाऱ्या मावशीही त्या पंगतीत होत्या. भाजणी उन्हाळ्यातली होती. तेव्हा कुणी विचारलं नाही, ही कधीची म्हणून.

फ्रीझरमधलं वाटण तेव्हा फेकावं लागलं, मान्य. शिजवलेला भात आठवडाभर ठेवू नये, हेही मान्य. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. पण मग रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकतात तो कुणाच्या घरी? तो आधी फ्रीजमध्ये ठेवा, मग दुसऱ्याच्या सुनेचे डबे उघडा.

आणि आपल्या आया-सासवांनी काय केलं? भर उन्हात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड. वर्षाची बेगमी केली की सुगरण, आणि हिने आठवड्याची केली तर आळशी?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मावशींच्याही डोक्यात "आज काय करू?" हा प्रश्न लग्नापासून रोज आहे. "काहीही कर" याशिवाय त्यांना कधी उत्तर मिळालं नसणार. सकाळी उठल्यापासून दुसऱ्यांच्या जेवणाचा विचार करत आयुष्य गेलं, आणि त्या बदल्यात एवढंच मिळालं, की आमच्याकडे ताजंच लागतं असं चारचौघींत म्हणता येतं. त्यांच्याकडून तेही काढून घ्यायला माझं मन धजत नाही.

पण म्हणून त्या पोरीला बोल लावायचे नाहीत. दारावर चिठ्ठी असली की आधी घरी येईल तो कुकर लावतो. नवरा असो, सासरे असोत. चिठ्ठी नसली की सगळं एकाच बाईच्या डोक्यात, आणि ती संध्याकाळी बाहेर गेली की घर तिची वाट बघत बसतं. मला चीड येते ती याची.

पुरातला तो उपमा मी केलेला नव्हताच. मी अलकापुरीला बहिणीकडे अडकले होते, रस्ते बंद होते. नवऱ्याने आणि मुलाने मिळून सगळ्या मजल्याला खाऊ घातलं, कारण आमच्याकडे प्रत्येक डब्यावर नाव लिहिलेलं असतं आणि भाजलेला रवा कुठे आहे ते तिघांनाही ठाऊक असतं.

तेव्हा मैत्रिणींनो, आजच चिठ्ठी लावा, डब्यांवर नावं घाला, आणि दोन दिवस खुशाल बहिणीकडे राहून या. घरचे उपाशी राहिले तर मला येऊन सांगा.