घाना म्हणजे फक्त सुआरेझचा हात नव्हे

विश्वचषक जवळ आला की घानाच्या फुटबॉल संघाबद्दल एक मजकूर फोनाफोनी फिरू लागतो. त्यातले दावे साधारण असे: २००६ च्या आधी या संघाला इतिहासच नाही, जे काही मिळालं ते युरोपीय प्रशिक्षकांमुळे आणि युरोपात जन्मलेल्या खेळाडूंमुळे, २०१० मध्ये उरुग्वेच्या सुआरेझने हाताने चेंडू अडवून सामना चोरला आणि पंचांनी ते चालवून घेतलं, आणि हे खेळाडू देशासाठी नाही, पैशासाठी खेळतात. सहानुभूती आणि तुच्छता यांचं हे मिश्रण मला फार खटकतं. म्हणून एकेक दावा तपासू.

‘इतिहासच नाही’ यापासून सुरुवात करू. १९६३ ते १९७० या काळात घाना आफ्रिका चषकाच्या सलग चार अंतिम सामन्यांत खेळला. १९६३ मध्ये राजधानी अक्रात सुदानला ३-० ने हरवलं. तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून जेमतेम सहा वर्षं झाली होती. १९६५ मध्ये ट्युनिसमध्ये, यजमान ट्युनिशियाच्या प्रेक्षकांसमोर, जादा वेळेत ३-२. पुढचे दोन अंतिम सामने ०-१ ने गेले. १९७८ मध्ये युगांडाविरुद्ध ओपोकु आफ्रियेने दोन गोल केले आणि तिसरं विजेतेपद आलं. तीनदा जिंकणारा तो पहिला देश, म्हणून मूळ चषक कायमचा घानाकडे गेला. १९८२ मध्ये ट्रिपोलीत यजमान लिबियाला पेनल्टींवर ७-६ ने हरवून चौथं. त्या संघात अबेदी पेले नावाचा, पुढे आफ्रिकेतला नामवंत खेळाडू ठरलेला, सतरा वर्षांचा मुलगा होता. १९९८ मध्ये इजिप्तने गाठेपर्यंत चार विजेतेपदं आफ्रिकेत दुसऱ्या कुणाकडेही नव्हती.

मग विश्वचषकात हा संघ २००६ मध्येच का दिसला? ऐन भरात असताना घानाने विश्वचषकाकडे स्वतःहून पाठ फिरवली होती. १९६६ च्या स्पर्धेत सोळा जागा होत्या. त्यातली फक्त एक जागा आफ्रिका, आशिया आणि ओशिआनिया या तिघांना मिळून ठेवलेली. म्हणजे आफ्रिकेतला सर्वोत्तम संघही थेट जाणार नाही, त्याला आणखी एका खंडाच्या विजेत्याशी झुंजावं लागणार. घानाचे क्रीडा संचालक ओहेने जान फिफाच्या कार्यकारिणीवर होते. त्यांनी याविरुद्ध आवाज उठवला, घानाचे राष्ट्राध्यक्ष क्वामे न्क्रुमा पाठीशी उभे राहिले, आणि आफ्रिकेतल्या पंधरा संघांनी पात्रता फेरीतून माघार घेतली. फिफाने दंड ठोकला. पण १९७० पासून आफ्रिकेला हक्काची एक जागा मिळाली. त्या जागेवर पहिल्यांदा मोरोक्को गेला, घाना नाही. आपल्या सर्वांत चांगल्या पिढीची संधी पणाला लावून एका देशाने सगळ्या खंडासाठी दार उघडलं. माझ्या मते घानाच्या फुटबॉलमधली याहून मोठी कामगिरी कोणती नाही, आणि नेमकी तीच त्या मजकुरात ‘इतिहास नाही’ या दोन शब्दांत पुसली जाते.

हेही मान्य करायला हवं की १९७० ते २००२ या काळात घाना पात्रता फेरीच्या पुढे गेला नाही आणि त्याचं खापर बहिष्कारावर फोडता येत नाही. मात्र १९७८ पर्यंत अख्ख्या आफ्रिकेला एकच जागा होती, १९८२ पासून दोन, १९९४ मध्ये तीन, आणि १९९८ व २००२ मध्ये पाच. या अरुंद फटीतून कुठला तरी चांगला संघ दर वेळी बाहेर राहणारच होता.

आता ‘युरोपीय प्रशिक्षकांची कृपा’. आफ्रिका चषकाच्या चारही विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षक घानाचेच होते. १९६३, १९६५ आणि १९८२ मध्ये सी. के. ग्यामफी, १९७८ मध्ये फ्रेड ओसाम-दुओदू. ग्यामफी स्वतः जर्मनीत फोर्टुना ड्युसेलडोर्फकडून खेळून आलेले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधलं कांस्य हे आफ्रिकेचं फुटबॉलमधलं पहिलं ऑलिंपिक पदक. तिथे प्रशिक्षक सॅम आर्डे. २००९ मध्ये वीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा घाना हा पहिला आफ्रिकी देश. अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध पूर्वार्धातच एक खेळाडू बाहेर गेला, उरलेल्या दहा जणांनी गोल होऊ दिला नाही आणि पेनल्टींवर सामना मारला. प्रशिक्षक सेल्लास टेट्टे, घानाचेच.

परदेशी प्रशिक्षकांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. २००६ मध्ये रातोमिर दुइकोविच आणि २०१० मध्ये मिलोवान राजेवाच हे दोघे सर्बियन होते आणि दोघांनी उत्तम काम केलं. पण मोजायचंच असेल तर सगळंच मोजा.

परदेशात जन्मलेल्या खेळाडूंचा मुद्दा तर आकड्यांतच संपतो. २०१० च्या विश्वचषकात घानाने पाच गोल केले. तीन असामोआ ग्यानचे, एक सुली मुंतारीचा, दोघेही घानात जन्मलेले. उरलेला एक बर्लिनमध्ये जन्मलेल्या केविन-प्रिन्स बोआटेंगचा. आपल्याकडच्या ज्यांनी २०१९ मध्ये ग्यानला इंडियन सुपर लीगमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळताना पाहिलं, त्यांनी विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा आफ्रिकी खेळाडू पाहिला: तीन स्पर्धांत सहा.

आणि तो हात. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, उपांत्यपूर्व सामना. १-१ अशी बरोबरी, जादा वेळेचीही शेवटची घटका. डॉमिनिक अडियाचा हेडर गोलरेषेवर उभ्या सुआरेझने हातांनी अडवला. पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवलं आणि घानाला पेनल्टी दिली. नियमात याहून जास्त काही नव्हतंच. हाताने अडवलेला चेंडू गोल धरण्याची तरतूद फुटबॉलमध्ये नाही. नियम अपुरा आहे असं म्हणता येईल, मलाही तसंच वाटतं. पण पंचांनी डोळेझाक केली हे धादांत खोटं आहे. ग्यानचा फटका आडव्या खांबावर आदळून वर गेला. त्यानंतर काही मिनिटांतच शूटआउट सुरू झालं आणि घानाची पहिली पेनल्टी घ्यायला पुन्हा ग्यानच आला. त्याने ती जाळ्यात मारली. जॉन मेन्सा आणि अडिया यांच्या पेनल्टी उरुग्वेच्या गोलरक्षकाने रोखल्या आणि उरुग्वे ४-२ ने जिंकला. फसवणुकीची गोष्ट सांगणारे ग्यानची ती दुसरी पेनल्टी सहसा सांगत नाहीत. आणि दुखापतीमुळे घानाचा प्रमुख मध्यरक्षक मायकेल एसियन त्या स्पर्धेत नव्हताच, हेही.

पैशाचा दावा २०१४ च्या विश्वचषकावर उभा आहे. थकलेल्या मानधनासाठी खेळाडूंनी सराव थांबवला आणि सरकारला तीस लाख डॉलरहून अधिक रोकड विमानाने ब्राझीलला पाठवावी लागली, हे खरंच घडलं. ठरलेले पैसे मागणं हा गुन्हा नाही. रोखच हवे असा हट्ट धरण्याइतका खेळाडूंचा विश्वास का उडाला होता, हे विचारायला हवं. त्याच स्पर्धेत याच संघाने जर्मनीला २-२ असं रोखलं. पुढे विश्वविजेता ठरलेल्या जर्मनीला जो सामना जिंकता आला नाही, तो हा एकच.

घानावर टीका करायला जागा नाही असं मुळीच नाही. १९८२ नंतर आफ्रिका चषक आलेला नाही. १९९२ आणि २०१५ चे अंतिम सामने आयव्हरी कोस्टविरुद्ध पेनल्टींवर हातचे गेले, २०१० चा इजिप्तविरुद्ध एका गोलाने. २०२५ च्या आफ्रिका चषकाला तर संघ पात्रच ठरला नाही. अंगोला, सुदान आणि नायजर असलेल्या गटात सहा सामन्यांत एकही विजय नाही, स्थान शेवटचं. आणि त्यानंतर वर्षभराच्या आत तोच संघ गटात पहिला येऊन २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला. इतका चढउतार का होतो, याचा जाब घाना फुटबॉल संघटनेला विचारायला हवा, आणि अक्रात लोक तो विचारतही आहेत.