काल्पनिक राज्यात एकच विजयस्तंभ उभा करू नका

काल्पनिक दुनिया रचणाऱ्या पोरांना एक मनापासून सांगायचंय. विजयस्तंभ दाखवायचा तर तो कोणाचा तरी दावा म्हणून दाखवा, त्यावर कोरलंय म्हणून ते खरंच असं धरून चालू नका.

माझा भाचा आणि त्याचे मित्र इथे इंदूरला मिळून एक मराठी गेम बनवतायत. त्यांच्या राज्यात डोंगरावर हजार वर्षं जुना कोरीव स्तंभ आहे, राक्षसांच्या सेनेला हरवल्याचा. चित्रं फार सुरेख काढलीयत, घोड्यांच्या आयाळीतला एकेक केस दगडात दिसतो. पण त्यावर लिहिलेली लढाई जशीच्या तशी घडलेली, आणि पुढची सगळी गोष्ट त्याच्याच जोरावर. माळव्यात राहून हे मला पटणं शक्यच नाही.

पावसाळ्यात आपण सगळे मांडवला, म्हणजे मांडूच्या किल्ल्यावर जातो, जहाज महाल बघतो, रूपमती मंडपात फोटो काढतो, भुट्टे खातो आणि परत येतो. तिथे जामा मशिदीसमोर अशरफी महाल आहे ना, त्याच्या कोपऱ्यावर माळव्याचा सुलतान महमूद खिलजीनं १४४३ मध्ये सात मजली मनोरा बांधला, मेवाडच्या राणा कुंभाला हरवलं म्हणून. आणि तिकडे चित्तोडला राणा कुंभानं नऊ मजली विजयस्तंभ बांधला, १४४८ च्या सुमारास, महमूद खिलजीला हरवलं म्हणून! दोघांनी एकमेकांवरचा विजय दगडात कोरून ठेवलाय. चित्तोडचा आजही उभा आहे म्हणून तो सगळ्यांना माहीत, मांडवचा कोसळला, फक्त खालचा भाग उरलाय आणि गाईड पण तिथे फार थांबत नाहीत. कोण जिंकलं हे लोकांच्या डोक्यात कोणाचा दगड टिकला यावरून ठरतं, आणि गोष्ट लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठं घबाड कुठलं मिळणार?

मंदसौरजवळ सोंधनीला माळव्याचा राजा यशोधर्मनचे दोन स्तंभ आहेत, सहाव्या शतकातले. हूणांचा राजा मिहिरकुल माझ्या पायाशी झुकला, ब्रह्मपुत्रेपासून पश्चिम समुद्रापर्यंतचे राजे मला मानतात, असं त्यात संस्कृतात लिहिलंय. आता चिनी प्रवासी ह्यूएन त्संग शंभरेक वर्षांनी येतो आणि सांगतो की मिहिरकुलाला मगधच्या बालादित्यानं पकडलं, आणि मग स्वतःच्या आईच्या सांगण्यावरून सोडून दिलं! दोन्ही खरं असेल, अर्धं खरं असेल, इतिहासवाले अजून वाद घालतायत.

पण त्या लेखात मला सगळ्यात आवडते ती शेवटची ओळ. श्लोक रचले कक्काचा मुलगा वासुल यानं, कोरले गोविंदानं. एवढ्या मोठ्या राजाच्या बढाईखाली छिन्नी धरणाऱ्याचं नाव आहे आणि पंधराशे वर्षांनी आपण ते वाचतोय. चित्तोडच्या स्तंभातही जैता सूत्रधार, म्हणजे बांधणारा स्थपती, आणि त्याच्या मुलांची नावं आहेत.

भाच्याला मी हेच सांगितलं, की बाबा, तुझ्या स्तंभाखाली कारागिराचं नाव टाक, त्याचं गाव कुठलं ते ठरव, राजानं मजुरी दिली की नाही ते ठरव. आणि नदीपलीकडे राक्षसांचाही एक स्तंभ असू दे, त्याच लढाईचा, त्यांनी जिंकल्याचा. खेळणाऱ्याला दोन्ही वाचायला लाव, मग कोणाच्या बाजूनं लढायचं ते त्याचं त्याला ठरवू दे.