कोकम पाण्यानं चरबी वितळत नाही, आणि ते तांब्याच्या भांड्यात तर भिजवूच नका

पुण्यातल्या सोसायटीच्या, भिशीच्या, मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. रात्री तांब्याच्या भांड्यात १० आमसुलं भिजवा, सकाळी उपाशीपोटी ते पाणी प्या, १५ दिवसांत ५ किलो वजन कमी, ॲसिडिटी कायमची बंद, शुगरच्या गोळ्या सुटतात, साइड इफेक्ट शून्य, अमेरिकेत याच्याच कॅप्सूल विकतात, आणि शेवटी "एक बी टोचा, घरचं कोकम खा". मला कोकम मनापासून आवडतं, आमसुलाशिवाय आमटी मला आमटी वाटतच नाही, म्हणूनच हे लिहितेय.

आधी तांब्याचं बोलते, कारण वजन उतरलं नाही तर माणूस फक्त हिरमुसतो पण यानं खरंच आजारी पडू शकतो. कोकम चांगलंच आंबट, आणि आंबट पदार्थ तांब्यापितळेत राहिला की धातू त्यात उतरतो. आमटी कळकली असं घरातल्या मोठ्या बायका म्हणायच्या ते हेच की! त्यासाठीच भांड्यांना कल्हई असायची, ताक किंवा चिंचेचं सार बिनकल्हईच्या भांड्यात कोणी ठेवायचं नाही, कसब्यातल्या तांबट आळीत कुणालाही विचारा, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. रात्रभर आमसुलं भिजलेलं असं पाणी उपाशीपोटी गेलं की मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब होऊ शकतात, आणि वाईट म्हणजे लोक त्याला डिटॉक्स समजून दुसऱ्या दिवशी परत पितात. साधं पाणी तांब्यात ठेवणं वेगळं. आमसूल भिजवायला काच, स्टील किंवा चिनी मातीचं भांडं घ्या.

आता वजन. अमेरिकेतल्या त्या कॅप्सूल बहुतेक वेळा आपल्या कोकमाच्या नसतातच, त्याच्या चुलतभावाच्या असतात, गार्सिनिया कंबोजियाच्या. केरळात त्याला कुडमपुळी म्हणतात, माशाच्या कालवणात घालतात, फळ पिवळसर आणि भोपळ्यासारखं खाचांचं. आपला रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, गार्सिनिया इंडिका, गुळगुळीत, पिकल्यावर गडद लाल. दोन्हीत हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड असतं, तेवढं साम्य खरं आहे, आणि साखरेपासून चरबी बनवायला लागणारं एक एन्झाइम ते अडवतं, उंदरांवर परिणाम दिसला म्हणून तर एवढी हवा झाली. पण १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये माणसांवरची चाचणी छापून आली, वजन जास्त असलेले १३५ जण, १२ आठवडे, सगळ्यांना सारखंच डाएट, काहींना रोज १५०० मिलिग्रॅम हे ॲसिड आणि बाकीच्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. कंबोजियावाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, नुसती गोळी घेणाऱ्यांचं ४.१! फरक दखल घेण्याइतका नव्हताच, म्हणजे जे उतरलं ते डाएटनं. मोजून दिलेल्या डोसची ही कथा, तर आमसुलाच्या पाण्याकडून ५ किलोची अपेक्षा कशी करायची? आणि साइड इफेक्ट शून्य कसले, गार्सिनिया असलेल्या वजन कमी करायच्या सप्लिमेंट्समुळे लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. आमटीतल्या चार आमसुलांना घाबरायचं कारण नाही, पण कॅप्सूल म्हणजे आमटी नाही.

ॲसिडिटीबद्दल मला जरा सांभाळून बोलायचंय. जेवणानंतर वाटीभर सोलकढीनं बरं वाटतं असं खूप जण सांगतात, मलाही वाटतं, त्यात खोटं काही नाही. पण छातीत जळजळ होतेय, अल्सर आहे, अशा माणसानं सकाळी उपाशीपोटी आंबट पाणी प्यायलं तर त्रास वाढू शकतो. जळजळ आठवडेच्या आठवडे राहिली, शौचाला काळं झालं, तर सरळ डॉक्टर. अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी लावतात तेही करा, गार वाटतं, पण ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर आमसूल शोधत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

शुगरच्या गोळ्या कोकमामुळे बंद करू नका, एवढंच. शिवाय शहरात आपण आमसूल भिजवत नाही, अमृत कोकमची बाटली आणतो, आणि ते सालींवर साखर घालूनच बनतं, म्हणजे डायबेटिसवाल्यानं औषध म्हणून नेमकं काय प्यायलं ते बघा. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, साखर नसते पण मीठ भरपूर असतं, बीपीवाल्यांनी ते मोजूनमापूनच घ्यावं.

राहिलं झाड. बी टोचून सात-आठ वर्षं सांभाळायचं आणि फुलं आली की कळतं झाड नर निघालं, फळ शून्य. कोकमात नर-मादी झाडं वेगळी, बियांपासून आलेल्यांत साधारण निम्मी नर. कोकणात म्हणून कलमं लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता, कोकण हातीस अशा जातीही आहेत. सोसायटीत जागा असेल तर मादी झाडाचं कलम आहे ना हे विचारून घ्या, परागीभवनासाठी सोबत एक नर झाड लावा, आणि पुण्याचा एप्रिल-मे कोरडा असतो तर पहिली काही वर्षं सावली धरा आणि पाणी तोडू नका.