सुलुकुलेचे रोमा परतले ते ‘रक्तातल्या भटकेपणामुळे’ नव्हे

इस्तंबूलमधल्या रोमा लोकांच्या (ज्यांना ‘जिप्सी’ म्हणतात) सुलुकुले वस्तीबद्दलचा एक लांबलचक मराठी मेसेज सध्या फिरतोय. काल तो घरच्या ग्रुपवर आला. मावशीने वर ‘आपल्याच माणसांची गोष्ट, नक्की वाचा’ असं लिहिलं होतं, म्हणून हे उत्तर. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: रोमा म्हणजे पृथ्वीराज चौहानांचे पांगलेले राजपूत सैनिक आणि ते आजही संस्कृत बोलतात. सुलुकुलेतली त्यांची झोपडपट्टी पाडून तुर्की सरकारने उस्मानी (ऑटोमन) धाटणीची देखणी घरं बांधली आणि वारसा वाचवला. रोमांना शहराबाहेर फ्लॅट दिले तर ते त्यांनी विकले, कारण भटकेपण रक्तातच. संगीतही रक्तातच, त्यामुळे वस्ती गेली म्हणून काही बिघडलं नाही.

राजपुतांचं आधी उरकतो. पृथ्वीराजांचा पराभव 1192 सालचा. कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, ‘अत्सिंगानी’ लोक असल्याचा उल्लेख अकराव्या शतकातल्या मजकुरात सापडतो आणि बरेच अभ्यासक ते रोमाच मानतात. पराभवाच्या शंभर वर्षं आधीच तिथे पोचलेली माणसं त्या पराभवामुळे पांगलेली कशी असतील?

भाषेचं अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. रोमानी आपल्याच भाषाकुळातली. पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नख’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मनुश’. आकडे येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव असे सहापर्यंत ओळखीचे येतात. पुढचे सात, आठ, नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या, म्हणजे सरळ ग्रीक. दहा पुन्हा ‘देश’. रस्त्याला ‘द्रोम’ म्हणतात, तेही ग्रीकच. परक्या भाषेतले आकडे तोंडात बसायला त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहावं लागतं. तेव्हा ‘संस्कृत’ हा शब्द खोडा. सुलुकुलेत तर घरोघरची भाषा तुर्कीच होती.

आता ‘झोपडपट्टी’. सुलुकुले इस्तंबूलच्या फातिह भागात, शहराच्या जुन्या थिओडोसियन तटबंदीला अगदी लागून. एकमजली-दुमजली घरं, दारं सामाईक अंगणात उघडणारी. धुणं, स्वयंपाक, वाद्यांचा सराव, लग्नाचा नाच, सगळं त्या अंगणात आणि पुढच्या गल्लीत. वस्तीचं पोट चालायचं ते ‘एलेन्जे एव्ही’वर, म्हणजे घरगुती मैफलींवर. पाहुणे घरी यायचे, घरातलीच माणसं वाजवायची, नाचायची. खाणं-पिणं आणून देणाऱ्यापासून घोडागाडीवाल्यापर्यंत आख्खी गल्ली त्यावर जगायची. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांनी ही घरं बंद पाडली. कमाई बुडाली, घरांची डागडुजी थांबली, भिंती ढासळल्या. वस्ती पडझडीला आली होती, हे खरं आहे. पण ती कशामुळे आली, हे मेसेज सांगत नाही.

मग 2005 चा 5366 क्रमांकाचा कायदा आला. जीर्ण झालेली ऐतिहासिक स्थावर मालमत्ता नव्याने उभारून जपावी, असा त्याचा घोषित हेतू. त्याखाली सुलुकुले ‘नूतनीकरण क्षेत्र’ ठरलं, आणि 2008-09 मध्ये जवळजवळ सगळी वस्ती पाडली गेली. अंगणं गेली आणि त्या जागी नवी घरं आली, खाली भुयारी पार्किंगसह. लाकडी सज्जाचा आकार उस्मानी दिसतो म्हणून त्याला वारसा म्हणायचं का? याचं उत्तर मी देत बसत नाही, इस्तंबूलच्या प्रशासकीय न्यायालयाने 2012 मध्ये दिलेलं आहे. वास्तुविशारदांची आणि नगररचनाकारांची संघटना आणि वस्तीतली रोमा संस्था यांच्या दाव्यावर न्यायालयाने हा प्रकल्प सार्वजनिक हिताचा नाही म्हणून रद्द केला. तोवर घरं बहुतेक बांधून झाली होती. जो प्रकल्प त्यांच्याच न्यायालयाने रद्द ठरवला, तो आपल्याकडे वारसा-रक्षणाचा नमुना म्हणून वाटला जातोय.

सगळ्यात विषारी मुद्दा फ्लॅटचा. त्यावर जरा थांबतो.

‘दिले’ हा शब्दच खोटा आहे. फुकट काहीच मिळालं नव्हतं. भाडेकरूंना शहराबाहेरच्या ताशोलुकमध्ये फ्लॅट विकत घ्यायची संधी होती, पंधरा वर्षांच्या, म्हणजे 180 मासिक हप्त्यांवर. ताशोलुक सुलुकुलेपासून सुमारे 40 किलोमीटर. आता हिशेब करा. वादक, फुलं विकणारी बाई, भंगार गोळा करणारा, हमाल, या सगळ्यांची कमाई रोजची, संध्याकाळी हातात पडणारी. महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता, शिवाय गॅस, वीज, पाणी यांची बिलं. जुन्या गल्लीत अडीनडीला ‘बक्काल’, म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला, वहीवर लिहून उधार द्यायचा. नव्या ठिकाणी ओळखच नाही तर उधारी कुठली? लग्नातलं वाजवणं संपतं मध्यरात्रीनंतर. तेव्हा 40 किलोमीटरवरच्या घरी जायला बस नसते, आणि टॅक्सी केली तर रात्रीच्या बिदागीतलं किती उरणार? हप्ते थकले की करार जाणार, ही भीती वेगळीच. म्हणून बहुतेकांनी काही महिन्यांतच फ्लॅटचा हक्क दुसऱ्याला देऊन टाकला. ताशोलुकमध्ये मोजकीच कुटुंबं उरली.

आणि बाकीची गेली कुठे? कारागुमरुकला. म्हणजे पाडलेल्या वस्तीच्या शेजारच्याच मोहल्ल्यात, वाढीव भाडं भरून. भटकेपण रक्तात असतं तर माणसं नव्या मुलखात गेली असती. ती आपल्या जुन्या गल्लीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ आली. ‘रक्तात’ हा शब्द महाराष्ट्रात तरी जपून वापरावा. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांसारख्या आपल्या भटक्या जमातींवर हाच शिक्का मारला होता.

राहिलं संगीत. रोमान हवासीचा, म्हणजे रोमांच्या नाचाच्या धुनेचा, ठेका नऊ मात्रांचा, 2-2-2-3. शिकाऊ पोरगं पहिली तीन घरं बरोबर वाजवतं आणि शेवटच्या तीनातली एक मात्रा खातं. नऊचे आठ होतात आणि नाचणाऱ्याचं पाऊल अडखळतं. ही चूक कागदावर लिहून सुटत नाही. दरबुक्यावर, म्हणजे पेल्याच्या आकाराच्या ढोलावर, ‘दुम’ हा बोल मधोमध, तेही भरल्या हाताने, आणि ‘तेक’ काठावर बोटांनी. हे सगळं मोठ्यांच्या शेजारी बसून, लग्नात मागच्या रांगेत वाजवून येतं. क्लॅरिनेट तर दिवसाला तासन्‌तास फुंकावं लागतं. अंगणात ते खपून जातं, बहुमजली इमारतीत भिंतीपलीकडचा माणूस दार ठोठावतो. रक्तात असतं तर एवढा सराव कशाला लागला असता?

एक गोष्ट मान्य: संगीत पूर्ण मेलं नाही. वस्ती पाडल्यावर मुलांसाठी कला-कार्यशाळा उभी राहिली, आणि ‘तहरिबाद-ई इस्यान’ हा रॅप गट तिथल्याच पोरांचा, त्याच पाडापाडीवर गाणारा. पण ते टिकलं ते माणसांनी जागा भाड्याने घेऊन, वाद्यं जमवून, पोरांना रोज बोलावून टिकवलं.

वस्ती जागेवरच ठेवण्याची सोयही होती. 2008 मध्ये नियोजनकारांच्या स्वयंसेवी गटाने पर्यायी आराखडा दिला होता. ज्यांनी मेसेज पुढे ढकलला, त्यांनी 180 हप्त्यांचा आणि 40 किलोमीटरचा हा हिशेबही त्याच ग्रुपवर टाकावा. मावशी, तुझ्यापासून सुरुवात कर.